श्वासाची जागा

मला इथे सगळे तेग्वेन बस म्हणतात. आमच्याकडे आडनावं मोजकी, तीच सगळ्यांना वाटून दिलेली, त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून, नाहीतर शेतावरून. मी छोटी बस चालवते आणि पाहुण्यांना इंग्लंडच्या सीमेला लागलेला आमचा माल्दविन जिल्हा दाखवते. कागदोपत्री हा जिल्हा मोठ्या पोविस जिल्ह्यात कधीच विरघळला, पण ते कागदाला ठाऊक. इथल्या म्हाताऱ्याला विचाराल तर तो अजून माल्दविनचाच आहे.

माझी फेरी ठरलेली. सकाळी वेल्शपूलचा तांबडा किल्ला, मग लानविलिनला चहा, दुपारी पिस्तिल रायादरचा धबधबा आणि परतताना एव्हर्नवीचं धरण. धरणावर प्रत्येक जण मला विचारतो, की पाणी उतरलं की बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसतो का. पाणी चढायच्या आधीच गाव पाडलं होतं, चर्चसकट, आणि मनोऱ्याचे दगड काही पोहायला शिकलेले नाहीत, असं मी सांगते. लोक हसतात आणि तरी कठड्यावरून वाकून बघतात. नाही ते बघायची माणसाला भारी हौस. समोर आहे त्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही, आणि यात मी माझ्या दोन्ही मामांनाही धरते.

थोरले गोरोन्वीमामा तळच्या शेतावर राहतात, ती-इसावर. धाकटा इद्वालमामा वरच्या शेतावर, ती-उखावर. मधे एक ओढा, एक कुरण आणि एक फाटक. त्यांची एकुलती बहीण म्हणजे माझी आई. ती गेल्यावर दोघांच्या मधे उरले ती मी.

झालं होतं असं. इद्वालमामाने जुनं कोठार दुरुस्त करून पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली. पाहुणे गोरोन्वीमामांच्या कुरणातून ओढ्याकडे फिरायला जात. एका वर्षी, ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत, कुणा पाहुण्याचा कुत्रा मोकळा सुटला आणि गाभण मेंढ्यांच्या मागे लागला. दुसऱ्या सकाळी कुरणात मेलेली कोकरं पडली होती. इद्वालमामा माफी मागायला गेला आणि भरपाई देतो म्हणाला. भरपाईचं नाव काढलं तेच चुकलं. गोरोन्वीमामांनी फाटकाला साखळी घातली आणि भावाशी बोलणं टाकलं. मग इद्वालमामाही हट्टाला पेटला. मेंढ्यांच्या बाजारात समोरासमोर आले की दोघं आभाळाकडे बघत, आणि आमच्या आभाळात ढगांशिवाय बघण्यासारखं काही नसतं. याला आता सात वर्षं होतील.

तरी वर्षातून एकदा दोघं एका रांगेत उभे राहत. तो दिवस म्हणजे प्लगाइनचा.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या लानवेदवेन गावच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. पाद्रीबाई छोटीशी प्रार्थना म्हणतात, प्लगाइन सुरू झालं असं सांगतात आणि जाऊन बसतात. त्यानंतर कोणी कोणाचं नाव पुकारत नाही. ज्या घराला वाटेल ते घर उठतं, समोर जाऊन येशूच्या जन्माचं एखादं जुनं गाणं वाद्याशिवाय गातं आणि परत जागेवर येऊन बसतं. टाळ्या नाहीत. थोडा वेळ शांतता, मग दुसरं घर उठतं. सगळ्यांचं झालं की त्याच क्रमाने दुसरी फेरी, ज्या घरांकडे आणखी एखादं गाणं असेल त्यांची. नियम एकच, त्या संध्याकाळी एकदा झालेलं गाणं पुन्हा कोणी गायचं नाही. दुसऱ्या घराचं गाणं आपण उचलायचं नाही, असाही एक नियम आहे, पण तो कोणी कधी तोंडाने सांगितलेला नाही. सांगायची वेळच आली नव्हती.

आमच्या घराचं गाणं एकच, पणजोबांच्या वेळेपासूनचं. वरचा सूर गोरोन्वीमामांचा, खालचा इद्वालमामाचा आणि मधला माझ्या आईचा, तिच्यामागे माझा. नोव्हेंबर लागला की आमच्या तालमी सुरू होत, त्या दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत. मंगळवारी मी ती-इसावर जाऊन गोरोन्वीमामांबरोबर गायची, गुरुवारी ती-उखावर इद्वालमामाबरोबर. दोघांचे शेरे मी खालून वर आणि वरून खाली वाहून न्यायची.

"सांग त्याला, शेवटच्या ओळीत घाई करतो," गोरोन्वीमामा म्हणत.

"मामा, तुम्हीच सांगा ना. वर दिवा दिसतोय, हाक मारली तरी ऐकू जाईल."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"मग करू दे त्याला घाई."

तिन्ही आवाज एकत्र यायचे ते थेट चर्चमध्येच. उभं राहताना मी मधे, दोघं दोन बाजूंना, आणि दोघांचीही नजर समोरच्या भिंतीवर. गाणं संपलं की एक डावीकडच्या बाकावर, दुसरा उजवीकडच्या. मी कुणाच्या पक्षात आहे असं दिसू नये म्हणून मी मागे, मधल्या वाटेला लागून बसायची. बाहेर पडताना लोक मला सांगायचे, तुमच्या घरचे आवाज काय जुळतात. मला हसावं की रडावं ते कळायचं नाही.

यंदा डिसेंबरात तालीम झाल्यावर गोरोन्वीमामांनी किटली चुलीवरून उतरवली आणि म्हणाले, मार्चमध्ये मेंढ्या विकतोय. छातीला इथली थंडी सोसत नाही. वेल्शपूलमध्ये म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांत जागा मिळाली आहे, खिडकीतून रेल्वे स्टेशन दिसतं. हे सगळं त्यांनी मेंढ्यांच्या औषधाबद्दल बोलावं तसं सांगितलं. पुढच्या जानेवारीत त्यांना इकडे आणायला मी बस घेऊन येईन म्हटलं, तर म्हणाले, जो गेला तो गेला, गाण्यापुरतं यायला मी काय पाहुणा आहे?

"इद्वालमामाला सांगू?"

"मी काय त्याच्या परवानगीने जातोय?"

मी अर्थातच सांगितलं. इद्वालमामा बटाटे सोलत होता. "बरं," म्हणाला, आणि सोलतच राहिला. तो बटाटा शेवटी अक्रोडाएवढा उरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, इद्वालमामा, तू एकदा खाली जा, दार वाजव, आत जाऊन बस, बाकी काही करू नकोस. तो म्हणाला की साखळी आतून आहे. फाटकाला आत-बाहेर काही नसतं, पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

मला फार काही नको होतं. साखळी राहो, कोकरांचा हिशेब राहो, पण थोरल्याने गाव सोडायच्या आधी या दोघांनी एकमेकांशी बोलावं. प्लगाइन झालं आणि ते दोघं नेहमीसारखे दोन दारांनी बाहेर पडले, तर पुन्हा एका छपराखाली येणार ते कुणा एकाच्या अंत्यविधीला, आणि तेव्हा एकाला बोलता येणार नाही. मी मनात मांडे खात होते. गाणं छान होईल, मग जेवणाला मी दोघांना एकाच टेबलावर बसवीन, मिठाची डबी एकाच्याच हाताशी ठेवीन. माणूस हरला की असल्या युक्त्या सुचतात.

आता रोवनबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ती, तिचा नवरा कॉलिन आणि तिची बहीण हेझल माझ्या बसमधून फिरले. तिघंही इंग्लंडकडचे. धरणावर मनोऱ्याची चौकशी न करणारी ही पहिलीच मंडळी. रोवनने वेगळंच विचारलं, की तुम्ही सगळ्यांची गावं दाखवता, तुमचं स्वतःचं का दाखवत नाही? मी म्हटलं, लानवेदवेनमध्ये बघण्यासारखं काही नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे ऐकतात. हिने ऐकलं नाही. ती आपली आपण आली, इद्वालमामाच्या कोठारात राहिली, पुन्हा आली, आमची भाषा शिकली आणि शेवटी तिघांनी लानविलिनमध्ये पावाचं दुकानच टाकलं. सुरुवातीला मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. पाव मात्र ती चांगला करते, ते कबूल करावंच लागतं.

प्लगाइनच्या संध्याकाळी बाहेर पाऊस आणि गारठा होता. गोरोन्वीमामा डावीकडे, कोट अंगावर तसाच. इद्वालमामा उजवीकडे, केस पाण्याने चापून बसवलेले. पाद्रीबाई प्रार्थना म्हणून बसल्या. मग ती पहिली शांतता पसरली. पहिलं कोणीच उठत नाही. जुनी घरं एकमेकांना मान देत थांबतात, कोणीतरी घसा साफ करतं, कोणी हातमोजे काढतं, हे बराच वेळ चालतं. त्याला आम्ही सरावलेलो आहोत. नवख्याला वाटतं काहीतरी अडलंय, आपण मदत करावी.

रोवन, कॉलिन आणि हेझल उठले.

बाकांवर थोडी चुळबुळ झाली, पण वाईट कोणाला वाटलं नाही. नवी माणसं गायला उभी राहिली तर चांगलंच आहे. तिघांनी डोकी जवळ आणून सूर धरला. पहिली ओळ सुरू झाली. ते आमचं गाणं होतं.

मी इद्वालमामाकडे पाहिलं. त्याची मान कानांपर्यंत लाल झाली होती. कसं झालं ते मला त्याने मागाहून सांगितलं. शरद ऋतूत संध्याकाळच्या वेळी तो त्यांना हे गाणं शिकवत होता. त्याची मुलं ऑस्ट्रेलियात, गोरोन्वीमामांची मुलगी गात नाही, मला मूल नाही. आपल्याबरोबर गाणंही जायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. आम्ही आहोत तोवर ते चर्चमध्ये गायचं नाही, हे तो सांगायला विसरलाही नव्हता. हे सांगावं लागतं, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या खोऱ्यात एवढं तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

गाणं एकदा झालं की झालं. आता त्या संध्याकाळी आम्हाला ते गाता येणार नव्हतं, आणि गोरोन्वीमामांसाठी पुढची संध्याकाळ नव्हती. शिवाय ते त्या तिघांना कोणी दिलं, हे कळायला त्यांना डोकं खाजवायची गरज नव्हती. खालचा सूर कॉलिन थेट इद्वालमामासारखा लावत होता, पुढे शेवटच्या ओळीतली घाईही तशीच आली. मला वाटलं, संपलं. आधी कोकरं गेली आणि आता हे. मी गोरोन्वीमामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. टोपी एका हातात धरली होती, म्हणजे निघायची तयारी.

आणि मग तिसऱ्या ओळीत रोवनने श्वास घेतला.

त्या ओळीत प्रत्येक कडव्यात बेथलेहेम हा शब्द येतो, लांबवून म्हणायचा. गोरोन्वीमामा तो एका दमात कधीच म्हणत नाहीत. लहानपणी त्यांना छातीचं मोठं दुखणं झालं होतं, तेव्हापासून त्यांचा दम तिथे संपतो. बेथ म्हणून ते थांबतात, हवा आत ओढतात आणि मग लेहेम. आजोबा त्यांना यावरून फार बोलायचे, असं आई सांगायची. दुसरं कोणीही तिथे थांबणार नाही, शब्द तोडून श्वास घ्यायची ती जागाच नाही. रोवन तरणीताठी, सकाळभर कणीक मळणारी बाई, तिला दम कमी पडायचं काही कारण नव्हतं. पण ती बेथ म्हणाली, थांबली, तशीच हवा ओढली, आणि मग लेहेम म्हणाली. दुसऱ्या कडव्यात तिथेच, तिसऱ्या कडव्यातही तिथेच.

इद्वालमामा वरचा सूर गात नाही. त्याने तो तिला शिकवला असेल तर आठवणीतून. मला ते सगळं एकदम दिसलं. सात वर्षं हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर खालचा सूर गात होता आणि त्याच्या कानात सगळा वेळ दुसराच कोणी गात होता. ज्याच्याशी बोलत नव्हता त्याचा आवाज त्याने आतल्या दमासकट जपून ठेवला होता. मला रडू आलं आणि इद्वालमामाचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. हे तोंडाने सांगायला याला काय झालं होतं?

पहिल्या कडव्यातल्या त्या श्वासाला गोरोन्वीमामांनी मान वर केली होती. दुसऱ्याला ते रोवनकडे बघत होते. तिसऱ्याला त्यांनी नजर उजवीकडच्या बाकांकडे वळवली आणि ती तिथेच राहिली.

तिघं गाऊन बसले. रोवनच्या शेजारच्या म्हातारीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग एकेक घर उठू लागलं. एरवी आम्ही चौथे किंवा पाचवे जातो. गोरोन्वीमामा उठतात, मग इद्वालमामा, मग मी, हे ठरलेलं. चौथं घर गेलं, पाचवं गेलं. प्रत्येक शांततेत सगळ्यांच्या नजरा हळूच डावीकडे जात आणि परत येत. शेवटचं घर बसलं तरी गोरोन्वीमामा हलले नव्हते. पहिल्या फेरीत जो गात नाही त्याला दुसरी फेरी नाही. पाद्रीबाईंनी गुडघ्यावरचं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांनाही कळत नव्हतं किती थांबावं, पण थांबल्या.

तेव्हा गोरोन्वीमामा उठले. टोपी हातात, कोट अंगावर. ते बाकांमधून मधल्या वाटेवर आले. इकडे दार, तिकडे वेदी. ते दाराकडेही वळले नाहीत आणि वेदीकडेही नाही. सरळ पलीकडे गेले आणि इद्वालमामाच्या बाकापाशी उभे राहिले.

"काय गायचं?" त्यांनी विचारलं.

त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. सगळ्या चर्चने ऐकलं.

इद्वालमामाने वर पाहिलं. "मेंढपाळांचं," तो म्हणाला. "ते लांबडं."

"त्याची शेवटची कडवी मला येत नाहीत."

"मला येतात."

"सूर कुठला?"

"तू धर. मी येतो मागून."

ते गाणं आम्ही तिघांनी मिळून कधीच गायलं नव्हतं. मामांनी ते आईबरोबर कधीकाळी गायलेलं, आणि मधला सूर मला ऐकून ऐकून अर्धामुर्धा येत होता. मी पुढे गेले आणि सवयीने दोघांच्या मधे उभी राहिले. गोरोन्वीमामांनी माझ्या खांद्याला धरून मला कडेला सारलं. त्यांना इद्वालमामाचं तोंड दिसायला हवं होतं, शब्द त्याच्याकडून घ्यायचे होते. आयुष्यात मला कोणी बाजूला केल्याचा इतका आनंद कधी झाला नाही.

गाणं काही चांगलं झालं नाही. सुरुवातीला सूर फार वर धरला गेला आणि गोरोन्वीमामांचा आवाज फाटला. मी दोनदा चुकले. नंतरच्या कडव्यांत इद्वालमामा प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या आधी तिचे पहिले शब्द भावाच्या कानाशी पुटपुटायचा, मग स्वतःचा खालचा सूर पकडायला धावायचा, आणि त्यामुळे त्याच्या ओळी अर्ध्यावरून सुरू व्हायच्या. गोरोन्वीमामा त्याच्या ओठांवरून नजर काढत नव्हते. मेंढपाळ उठले, असं इद्वालमामाने सांगायचं, आणि मेंढपाळ उठले असं गोरोन्वीमामांनी गायचं. कळप वाऱ्यावर सोडून निघाले, असं याने सांगायचं आणि त्याने गायचं. ज्यांची सात वर्षांची बोलणी साचली होती त्यांनी मेंढ्या आणि मेंढपाळ यांच्यावरच बोलावं, हे मला त्या वेळीसुद्धा गमतीचं वाटलं. एका ठिकाणी तर इद्वालमामाही विसरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग गोरोन्वीमामांनाच ती ओळ आठवली आणि त्यांनी ती त्याला सांगितली.

आम्ही जागेवर येऊन बसलो. दुसऱ्या फेरीत रोवनची मंडळी उठली नाहीत. त्यांची पाळी पहिली होती, त्यांच्यासाठी सगळे थांबले, मग पुढचं घर उठलं. शेवटी सगळ्या घरांतले पुरुष वेदीसमोर गोळा होऊन एकत्र गातात, तेव्हा माझे दोन्ही मामा मागच्या रांगेत होते. शेजारी होते की नाही ते मला गर्दीत दिसलं नाही.

गावच्या हॉलमध्ये जेवण मांडलं होतं. थंड मांसाचे काप, व्हिनेगरमधले कांदे, मनुकांचा गोड पाव, मोठ्या पातेल्यात चहा. माझी मिठाची युक्ती वापरायची वेळच आली नाही. मी कोट काढून येईपर्यंत गोरोन्वीमामा एका टेबलाशी बसले होते आणि इद्वालमामा समोरच्या खुर्चीवर. बोलत नव्हते, खात होते. मी चहाचे कप घेऊन गेले आणि तिथेच टेकले.

तेवढ्यात रोवन आली. तिचे डोळे सुजले होते. कॉलिन आणि हेझल मागे उभे होते, शाळेत बोलावणं आल्यासारखे. ती गोरोन्वीमामांना म्हणाली की तिला कळायला हवं होतं, ती फार मोठी चूक झाली, ते गाणं ती पुन्हा कधी तोंडात घेणार नाही. आमच्या भाषेत हे सगळं तिने न अडखळता म्हटलं, म्हणजे येताना मनाशी घोकलं असणार. माझा तिच्यावरचा राग तिथेच ओसरला. इद्वालमामा खाली बघून कांदा कापत होता.

गोरोन्वीमामांनी तोंडातला घास संपवला. "बेथलेहेमच्या मधे थांबायला कोणी शिकवलं तुला?"

रोवन गोंधळली. तिला वाटलं, हा आणखी एक गुन्हा. तिने इद्वालमामाकडे पाहिलं. "यांनीच. मी एका दमात म्हणायचे, तर म्हणाले, नाही, इथे श्वास घ्यायचाच. चुकले की पुन्हा म्हणायला लावायचे."

गोरोन्वीमामा भावाकडे वळले.

"ती माझी खोड आहे," ते म्हणाले. "छातीची. गाण्यात नाही ती."

इद्वालमामाने सुरी खाली ठेवली. "मला काय माहीत? मी ते गाणं तुझ्याशिवाय कोणाच्या तोंडून ऐकलंय?"

हॉलमध्ये बशा वाजत होत्या, कोणीतरी दार उघडं टाकलं म्हणून कोणीतरी ओरडत होतं. गोरोन्वीमामांनी चहाचा घोट घेतला, मग पाय लांब करून टेबलाखालून एक खुर्ची रोवनकडे सरकवली.

"बस," ते तिला म्हणाले. "आणि आता गाशील तेव्हा तो श्वास राहू दे तिथेच."